वापरातले कोल्हापूर

नोकरीच्या निमित्ताने अकोल्याहून कोल्हापुरात राहायला आले तो जुलै महिना होता. रिक्षात, भाजी घेताना, कार्यालयातील जेवणाच्या सुट्टीत लोक एकमेकांना दोनच गोष्टी विचारत होते : पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर आले, आणि राधानगरी धरणाचे किती दरवाजे उघडले. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे आकडे इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ आहेत. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेले होते. ते वर्ष ज्यांनी पाहिले त्यांच्या बोलण्यात प्रत्येक गल्लीची उंची त्या पाण्याच्या हिशेबाने येते. अमुक घराच्या कितव्या पायरीपर्यंत पाणी चढले, तमुक चौकात नाव कुठे बांधली होती, हे सारे त्यांना तोंडपाठ असते. पावसाची वाट पाहण्यात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्या वऱ्हाडातल्या माणसाला पावसाने माणसे धास्तावतात हे नवीनच होते. पण त्याहून नवीन होते ते हे, की ज्या धरणाच्या दरवाजांची चौकशी रोज सकाळी होते त्याचा पाया शंभरहून अधिक वर्षांपूर्वी एका संस्थानिकाने घातला होता, आणि ते धरण अजून शहराच्या रोजच्या काळजीत सामील आहे.

शाहू महाराज १८९४ मध्ये गादीवर आले आणि पहिल्या काही वर्षांतच त्यांना दुष्काळाला तोंड द्यावे लागले. पश्चिमेकडे सह्याद्रीच्या कुशीत धो धो पाऊस आणि पूर्वेकडे शिरोळ-हातकणंगल्याच्या बाजूला कोरडे, असे हे संस्थान होते. पंचगंगेला मिळणाऱ्या भोगावतीवर मोठे धरण बांधून पावसाळ्याचे पाणी उन्हाळ्यापर्यंत पुरवावे, ही कल्पना त्यातून विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आकाराला आली. धरणाजवळ वसवलेल्या गावाला महाराजांनी आपल्या कन्येचे, राधाबाईंचे नाव दिले आणि जलाशयाला महाराणी लक्ष्मीबाईंचे. धरण पुरे झालेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि काम तडीस गेले ते स्वातंत्र्यानंतर. जलाशय भरला की धरणाचे सात दरवाजे विजेवाचून पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात, आणि एकेका दरवाजातून १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तितके घनफूट, पाणी भोगावतीत उतरते. त्यानंतर त्या पाण्याला शहरापर्यंत पोहोचायला किती तास लागतील, याचा हिशेब नदीकाठच्या घरांत मांडला जातो.

अकोल्याला आमच्या घराजवळ असदगड होता. पाहुणे आले की आम्ही त्यांना तो दाखवायला नेत असू आणि पाहून झाला की घरी परतत असू. इतिहास म्हणजे जिथे जाऊन पाहायचे ती जागा, अशीच माझी समजूत होती. कोल्हापुरातही मी सुरुवातीला त्याच समजुतीने हिंडले. हळूहळू लक्षात आले की या शहरातील बहुतेक जुन्या वास्तूंना अजून काहीतरी काम आहे, आणि ते काम चालू असताना आपण तिथे नसू तर आपण जवळजवळ काहीच पाहिलेले नसते.

याचा पहिला धडा मिळाला तो सीपीआर रुग्णालयाच्या आवारात. एका सहकाऱ्याच्या वडिलांना तिथे दाखल केले होते. डबा घेऊन जाताना काळ्या दगडाच्या त्या इमारतीकडे मी रुग्णालय म्हणूनच पाहत होते, आणि मग तिच्या कमानींवर, दगडी कोरीव कामावर नजर खिळली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मेजर चार्ल्स मँट या वास्तुविशारदाने कोल्हापुरात ज्या इमारती आखल्या त्यांपैकी ही एक. समोरचा टाऊन हॉल त्याचाच, आणि १८८४ मध्ये पूर्ण झालेला नवा राजवाडाही त्याचाच. बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याचे पहिले आराखडेही याच माणसाच्या हातचे आहेत. या रुग्णालयाचे मूळ नाव अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल. पुढे छत्रपती प्रमिलाराजेंच्या नावाने ते ओळखले जाऊ लागले आणि लोकांनी त्याचे सीपीआर केले. जिल्ह्यातला गरीब माणूस आजही आजारी पडला की इथेच येतो. व्हरांड्यात घोंगडी अंथरून बसलेल्या नातेवाइकांच्या डोक्यावरची ती कमान पाहून मला कधी वास्तूची हेळसांड होते आहे असे वाटले नाही. ज्यासाठी ती बांधली तेच काम ती करते आहे.

टाऊन हॉलमध्ये आता संग्रहालय आहे. तिथे मात्र वस्तू काचेआड आहेत, आणि तशा त्या असायलाच हव्यात. पंचगंगेच्या घाटाला लागून ब्रह्मपुरीची टेकडी आहे. १९४५-४६ मध्ये डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. मो. गं. दीक्षित यांनी डेक्कन कॉलेजच्या वतीने तिथे उत्खनन केले आणि सातवाहनकाळातील वस्ती उजेडात आली. त्याच टेकडीवर मिळालेली समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती या संग्रहालयात आहे. एक हात उंचावून उभा असलेला तो देव वीतभरच उंच असेल, पण त्याच्यासमोर मी बराच वेळ उभी राहिले. भूमध्य समुद्राच्या काठावरचा देव घाट चढून पंचगंगेपर्यंत आला तो व्यापाऱ्यांबरोबर. म्हणजे आज ज्या नदीचे पाणी फुटांत मोजले जाते तिच्या काठी दोन हजार वर्षांपूर्वी रोमन जगाशी देवघेव करणारे लोक राहत होते. संग्रहालयातून बाहेर पडून दहा मिनिटे चालले की घाट लागतो. तिथे बायका कपडे धूत असतात, मुले पोहत असतात आणि कुणीतरी दहाव्याचे विधी करत असते. पोसायडन पाहून लगेच घाटावर जावे, असे मी आता आल्यागेल्याला सांगते. ही दोन्ही ठिकाणे वेगवेगळ्या दिवशी पाहिली तर त्यांचा परस्परांशी असलेला संबंध निसटतो.

हा घाट आणखी एका कारणासाठी महत्त्वाचा आहे, आणि ते कारण तिथल्या कोणत्याही दगडावर दिसत नाही. १८९९ मध्ये कार्तिकस्नानासाठी शाहू महाराज पंचगंगेवर आले असता पुरोहित वेदोक्त मंत्र न म्हणता पुराणोक्त म्हणत असल्याचे त्यांच्यासोबतच्या राजारामशास्त्री भागवतांनी लक्षात आणून दिले. वेदोक्ताचा अधिकार वरच्या वर्णांनाच मानला जाई, तेव्हा छत्रपतींनाही शूद्र मानले जात होते, असा त्याचा अर्थ होता. त्यातून पेटलेले वेदोक्त प्रकरण महाराष्ट्राला ठाऊक आहे. मला भिडते ते त्याच्या पुढचे. गादीवर येताच महाराजांनी आपल्या दरबाराकडे पाहिले तेव्हा ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण होते. स्वतःच्या मानापुरता प्रश्न सोडवून ते थांबू शकले असते. राजाला तेवढे पुरे झाले असते. २६ जुलै १९०२ रोजी, महाराज इंग्लंडच्या दौऱ्यावर असताना, संस्थानातील ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम करवीर गॅझेटमध्ये प्रसिद्ध झाला. घाटावरच्या त्या पहाटेपासून या हुकुमापर्यंतचे अंतर तीन वर्षांहून कमी आहे. त्रिपुरी पौर्णिमेच्या पहाटे हाच घाट हजारो पणत्यांनी उजळतो, आणि त्या गर्दीत सगळ्या जातींच्या बायका शेजारी-शेजारी उभ्या राहून पाण्यात दिवे सोडतात. तिथे उभे असताना मला वेदोक्ताची आठवण आल्यावाचून राहत नाही.

हुकूम काढून नोकऱ्या भरता येत नाहीत, त्यासाठी शिकलेली माणसे लागतात, आणि खेड्यातल्या मुलाला शिकायचे तर शहरात डोके टेकायला जागा लागते. दसरा चौकात उभे राहिले की हा विचार किती व्यवहारी होता ते दिसते. महाराजांनी आधी सर्व जातींसाठी एकच वसतिगृह करून पाहिले, परंतु त्याचा लाभ प्रत्यक्षात एकाच वर्गाला मिळतो असे दिसल्यावर त्यांनी वेगळा मार्ग धरला. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, त्याच वर्षी जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. मुंबईच्या गव्हर्नरच्या कन्येचे नाव या शेवटच्या वसतिगृहाला दिलेले आहे. लिंगायत, शिंपी, दैवज्ञ, अशी ही यादी वाढत गेली. जातवार वसतिगृहांनी जाती घट्ट होणार नाहीत का, हा प्रश्न मलाही पडला होता, आणि आजच्या चष्म्यातून तो गैर नाही. पण ज्या काळात एका पंगतीत बसणे अशक्य होते त्या काळात मुलगा शिकून पुढे गेला पाहिजे, ही घाई महाराजांना जास्त महत्त्वाची वाटली. ते बरोबर होते, असे माझे मत झाले आहे. १९१७ मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. त्या काळच्या शेतमजुराला एक रुपया किती जड जात असेल, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या सक्तीमागची कळकळ कळते.

यांपैकी अनेक वसतिगृहे अजून चालू आहेत. जूनमध्ये त्यांच्या दाराशी चंदगड, गगनबावडा, शाहूवाडीकडून आलेले पालक पत्र्याच्या ट्रंका आणि गाद्यांच्या वळकट्या घेऊन उभे असतात. चौकाच्या मधोमध महाराजांचा पुतळा आहे, आणि बाहेरगावचे लोक त्याच्यासमोर छायाचित्रे काढतात. मला विचाराल तर पुतळ्यासाठी न थांबता जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्या चौकाच्या कडेने चालावे. दसऱ्याच्या दिवशी याच चौकात शाही सीमोल्लंघन होते. अंबाबाईची आणि भवानीची पालखी येते, छत्रपती घराण्यातील मंडळी जुन्या मेबॅक मोटारीतून येतात, सूर्यास्ताला पूजन होते आणि मग सोने लुटायला अशी झुंबड उडते की माझ्यासारख्या नवख्या बाईला कडेचा खांब धरून उभे राहावे लागले. आपट्याची दोन पाने मला एका अनोळखी आजींनी दिली आणि वर ‘घरला या’ म्हणून पत्ताही सांगितला.

भवानी मंडपाकडून टाऊन हॉलकडे येणारा भाऊसिंगजी रस्ता रोजच्या रहदारीने गजबजलेला असतो. याच रस्त्यावर गंगाराम कांबळे यांचे चहाचे हॉटेल होते. कांबळे महाराजांच्या पागेत नोकरीला होते. मराठ्यांच्या पाण्याच्या हौदाला शिवल्यावरून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा तर केलीच, पण कांबळ्यांना स्वतंत्र धंदा करायला सांगितले, आणि हॉटेल निघाल्यावर स्वतः गाडी थांबवून तिथला चहा पिऊ लागले. राजा पितो म्हटल्यावर बरोबरच्या सरदार-दरकदारांना नाही म्हणता येईना. महाराज गेल्यानंतर शहरात त्यांचे पहिले स्मारक उभारण्यात याच कांबळ्यांनी पुढाकार घेतला. ते नर्सरी बागेत आहे. त्याच बागेत आता महाराजांची समाधीही झाली आहे. शहरातली देखणी स्मारके पुष्कळ आहेत, पण एकाच ठिकाणी नेण्याएवढा वेळ पाहुण्यांकडे असेल तर मी त्यांना नर्सरी बागेत नेते. हॉटेलाची जागा नेमकी दाखवणारे ठळक काही त्या रस्त्यावर माझ्या नजरेस पडले नाही, याची मात्र मला खंत वाटते. चहाची टपरी तिथे आजही कोणी चालवत असेल आणि भिंतीवर ही हकिगत लिहिलेली असेल, तर त्यासारखे दुसरे स्मारक होणार नाही.

मी मंगळवार पेठेत राहते. पेठेत ‘पाण्याचा खजिना’ नावाचा भाग आहे. शहराच्या दक्षिणेला असलेल्या कळंबा तलावातून केवळ उताराच्या जोरावर आणलेले पाणी इथे साठवून गावात सोडले जात असे. एकोणिसाव्या शतकातील ही सोय बराच काळ शहराची तहान भागवत होती. त्याआधी कोल्हापूर हे तळ्यांचे गाव होते. रंकाळा आणि कोटितीर्थ आज शिल्लक आहेत, बाकीची बुजवली गेली. वरुणतीर्थाचे गांधी मैदान झाले, कपिलतीर्थावर भाजी मंडई बसली, रावणेश्वराच्या तळ्याच्या जागी शाहू स्टेडियम उभे राहिले. गांधी मैदानात दर पावसाळ्यात पाणी तुंबते आणि मग वर्तमानपत्रांत तक्रारी छापून येतात. शेजारचे काका त्या तक्रारी वाचून म्हणतात, ‘तळ्यात पाणी साठलं तर त्यात तळ्याची काय चूक?’ ते हे रागाने म्हणत नाहीत. लहानपणी वडिलांकडून ऐकलेली तळ्याची आठवण त्यांच्या मनात अजून ताजी आहे, एवढेच.

कोटितीर्थाच्या काठी चित्रकार आबालाल रहिमान यांनी आयुष्याची अनेक वर्षे काढली. महाराजांचा आश्रय लाभलेले हे चित्रकार १९३१ पर्यंत हयात होते. कोटितीर्थ, रंकाळा, पंचगंगा ही त्यांची आवडती ठिकाणे, आणि तिथल्या प्रकाशाची त्यांनी असंख्य वेळा चित्रे काढली. त्यांची चित्रे टाऊन हॉलमध्ये पाहिल्यापासून संध्याकाळी रंकाळ्यावर फिरताना मी पाण्याच्या रंगाकडे अधिक लक्ष देऊन पाहते. चित्रे पाहून एखादी जागा अशी बदलते, हा अनुभव मला या गावाने दिला.

पेठांचा खरा इतिहास मात्र तालमींत आहे. प्रत्येक पेठेला तालमी, तालमीच्या तांबड्या मातीत पहाटे घुमणारे पैलवान, आणि त्याच तालमींचे फुटबॉल संघ. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही नावे इथल्या माणसाच्या तोंडी आडनावांसारखी येतात. शाहू स्टेडियमवर पाटाकडीलचा सामना असला की मंगळवार पेठेतली दुकाने दुपारनंतर अर्धवट उघडी असतात. कुस्तीच्या तालमीतून फुटबॉल कसा निघाला, याचे आश्चर्य वाटणाऱ्यांनी तालमीच्या कट्ट्यावर एक संध्याकाळ बसावे. तालीम ही तिथे व्यायामशाळा आहे, गणेश मंडळ आहे, पूर आला की नाव आणि जेवण पुरवणारी यंत्रणा आहे, आणि भांडणे मिटवणारी पंचायतही आहे. २०१९ च्या पुरात घरोघर पोहोचली ती याच तालमींची पोरे. हा उल्लेख मी इतक्या लोकांकडून ऐकला आहे की त्याबद्दल मला शंका उरलेली नाही. गंगावेशीत दूधकट्ट्यावर म्हशीची धार समोर काढून फेसाळ दुधाचा पेला हातात देतात. तो पिणारा पैलवान आणि तो पिणारा वयस्कर कारकून तिथे एकाच बाकावर बसलेले असतात.

या तालमींचा मोठा आखाडा म्हणजे खासबाग. १९०२ च्या परदेश दौऱ्यात महाराजांनी रोममधील कलोसियम पाहिले आणि त्यावरून कुस्तीसाठी तसे मैदान बांधण्याचे मनात घेतले. १९१२ मध्ये खासबाग मैदान सुरू झाले. मधला हौद खोलगट, भोवती चढत गेलेली बैठक, त्यामुळे शेवटच्या माणसालाही पैलवानाचा पट काढलेला दिसतो. मी कुस्ती जाणत नाही. तरीही तिथे मोठी कुस्ती सुटली तेव्हा हजारो लोकांच्या तोंडून एकाच क्षणी निघालेला आवाज अंगावर काटा आणणारा होता. बायका त्या बैठकीवर फार थोड्या होत्या. आता मुलींच्या कुस्त्याही होऊ लागल्या आहेत, तर तो आकडा वाढेल अशी मला आशा आहे.

खासबागेला लागूनच पॅलेस थिएटर. १९१५ मध्ये खुले झालेल्या या नाट्यगृहाला पुढे संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव देण्यात आले. केशवराव इथलेच. १९०८ मध्ये त्यांनी ललितकलादर्श ही नाटक मंडळी काढली, १९२१ मध्ये बालगंधर्वांबरोबर टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त प्रयोग केला आणि त्याच वर्षी, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी ते गेले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री हे नाट्यगृह जळाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. आगीची बातमी कळताच माणसे रस्त्यावर आली. नट, पडद्यामागचे कामगार, शाळेच्या स्नेहसंमेलनात एकदाच त्या रंगमंचावर उभी राहिलेली प्रौढ माणसे, सगळी तिथे उभी राहून रडत होती. माझ्या शेजारच्या काकूंनी त्या रात्री चूल पेटवली नाही, हे मी स्वतः पाहिले आहे. बंद पडलेल्या एखाद्या वाड्याला आग लागली असती तर हळहळ वाटली असती. इथे घरातले माणूस गेल्याचे दुःख होते, कारण शंभर वर्षे सलग ही इमारत लोकांनी वापरली होती आणि प्रत्येकाच्या आठवणीत तिची एखादी खुर्ची होती. ते पूर्वीसारखेच उभे राहावे, ही मागणी लोकांनी लावून धरली आणि पुनर्बांधणीचे काम हाती घेण्यात आले. ध्वनिवर्धकाशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचत असे, असे जुने रसिक सांगतात. नव्या बांधकामाची परीक्षा त्याच निकषावर व्हावी, असे मला मनापासून वाटते. भिंती हुबेहूब झाल्या आणि आवाज हरवला तर हातात देखावा उरेल.

वापर हे जतनाचे साधन आहे, आणि तोच काही वेळा धोकाही ठरतो. अंबाबाईच्या देवळात हे स्पष्ट दिसते. नोव्हेंबरच्या ९ ते ११ तारखांना आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या संधीवर तीन दिवस मावळत्या सूर्याची किरणे महाद्वारातून आत शिरून गाभाऱ्यापर्यंत जातात. पहिल्या दिवशी देवीच्या चरणांवर, दुसऱ्या दिवशी त्याच्या वर आणि तिसऱ्या दिवशी मुखावर. देऊळ बांधणाऱ्यांनी पश्चिमेकडे मोकळी रेषा गृहीत धरली होती. शहराने त्या रेषेत घरे बांधली, मजले चढवले, फलक लावले. त्यामुळे किरणोत्सव पूर्ण झाला की नाही, ही दरवर्षी बातमी होते, अडथळ्यांची मोजणी होते, काही अडथळे काढलेही गेले आहेत. मी गेले त्या संध्याकाळी पश्चिमेला ढग होते आणि किरणे उंबऱ्यापाशी पुसट झाली. आरती सुरू झाली, लोक पांगले नाहीत. एका देवळाच्या प्रकाशासाठी भर बाजारपेठेतल्या इमारतींची उंची चर्चेत येते, ही गोष्ट मला या शहराबद्दल फार आदर वाटायला लावते. घरमालकांचे म्हणणेही ऐकले पाहिजे आणि भरपाई न देता कुणाचा मजला उतरवू नये, हेही तितकेच खरे.

चित्रपटाच्या बाबतीत शहराचे नशीब एवढे चांगले नाही. बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा तयार करून इथे महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, १९२० मध्ये त्यांचा पहिला मूकपट आला, आणि त्यांच्याच हाताखाली शिकलेल्यांनी १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनी स्थापली. १९३३ मध्ये प्रभात पुण्याला गेली. भालजी पेंढारकरांच्या जयप्रभा स्टुडिओत पुढे कित्येक वर्षे काम चालले, ते थांबल्यावर त्या जागेसाठी कलावंतांना रस्त्यावर उतरावे लागले. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचे शिल्प असलेला स्तंभ आहे. त्याच्याखालून रोज हजारो दुचाक्या जातात. स्तंभ उभा राहिला हे चांगलेच झाले, पण कॅमेरा जिथे चालला ती जागा गेली की स्तंभाला एकट्याने फार काही सांगता येत नाही.

शाहू मिलच्या बाबतीत हा धोका अजून टळलेला नाही. १९०६ मध्ये महाराजांनी पायाभरणी केलेली ही कापडगिरणी २००३ मध्ये बंद पडली. दगडी भिंती, उंच धुराडे, मोठमोठी खाती, सगळे आवार वर्षानुवर्षे झुडपांत बुडाले. ६ मे २०२२ रोजी महाराजांच्या स्मृतिशताब्दीला सकाळी दहा वाजता अख्खे शहर शंभर सेकंद स्तब्ध उभे राहिले, आणि त्या काळात मिलच्या आवारात प्रदर्शने, व्याख्याने झाली. तेव्हा मी इथे नव्हते, पण गर्दी किती झाली होती ते सांगणारे पुष्कळ भेटतात. वस्त्रोद्योगाचे संग्रहालय आणि स्मारक तिथे व्हावे, अशी योजना आहे. माझे म्हणणे त्यात एवढेच आहे की त्या आवारात निदान काही माग चालू राहावेत, मुलांना तिथे हातमाग आणि शिवणकाम शिकता यावे, आणि सकाळी ठरावीक वेळेला ते दार उघडावे.

तोवर करण्यासारखे एक काम आहे. मिलमध्ये नोकरी केलेली माणसे आता सत्तरीच्या पुढे आहेत. आमच्या गल्लीत त्यांपैकी काही जण राहतात. सूतकताईचे रिंग खाते कोणत्या बाजूला होते, साचे कुठे बसवले होते, भोंगा किती वाजता होई आणि त्यावर कोणत्या पेठेतल्या घरांची चूल पेटे, पाळी सुटल्यावर चहा कुठे मिळे, हे सगळे ते हातवारे करून सांगतात. मी वही घेऊन बसते. एकाने आवाराचा नकाशा काढून दिला आहे आणि दुसऱ्याने त्यातली विहीर चुकीच्या कोपऱ्यात आहे म्हणून तो खोडला आहे. पुढच्या रविवारी दोघेही येणार आहेत.